कोअर ‘भरला’ की कॉइल बदलते

मागे मी एक बूस्ट कन्व्हर्टर बनवला होता. लोड वाढवला आणि मॉसफेट फट्‌कन उडाला. दोषी कोण? कॉइलचा कोअर. तो सॅच्युरेट झाला, इंडक्टन्स कोसळला आणि करंट सुसाट सुटला. तिथे घात करणारी हीच गोष्ट आज आपण मुद्दाम वापरणार आहोत.

आधी सॅच्युरेशन म्हणजे काय ते बघू. लोकलचा डबा रिकामा असला तर दहा जण सहज चढतात. खच्चून भरला की दहा जणांनी रेटलं तरी एखादाच आत जातो. कोअरचंही तसंच. करंट वाढवला की त्यातला फ्लक्स वाढतो, पण एका मर्यादेनंतर फारसा वाढत नाही. करंटमागे फ्लक्स किती वाढतो, त्यावरच इंडक्टन्स ठरतो. म्हणजे कोअर जितका भरलेला, तितका इंडक्टन्स कमी.

आता युक्ती. फेराइटच्या छोट्या रिंगवर सिग्नलची कॉइल आहेच. तिच्यासोबत बारीक तारेचे १०० वेढे घ्या आणि त्यातून ०.१ अँपिअर डीसी सोडा. झाले १० अँपिअर-टर्न. ५ व्होल्टला ४७ ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण तेवढा करंट मिळतो. रेझिस्टर मात्र १ वॅटचा घ्या, पाव वॅटचा जळेल.

याने होतं काय? १०० मायक्रोहेन्री आणि १ नॅनोफॅरड जोडले की सर्किट सुमारे ५०३ किलोहर्ट्झला ट्यून होतं. डीसी वाढवत इंडक्टन्स २५ वर आणला की फ्रीक्वेन्सी दुप्पट! काहीच फिरवावं लागत नाही.

पण एक मेख आहे. एका रिंगवर दोन कॉइल म्हणजे ट्रान्सफॉर्मरच झाला ना! सिग्नल डीसीच्या बाजूला घुसतो. म्हणून दोन सारख्या रिंगा घ्या. सिग्नलच्या कॉइल सिरीजमध्ये जोडा, डीसीच्याही सिरीजमध्येच, पण त्यातली एक उलटी. मग घुसलेला सिग्नल आपसांतच कटतो.

आणखी एक. करंट वाढवून परत कमी केला, तर फ्रीक्वेन्सी अगदी जुन्या जागी येत नाही. कोअरला आधीचं थोडं लक्षात राहतं, यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. त्यामुळे घड्याळाच्या अचूकतेची अपेक्षा नको. सिग्नलही लहानच ठेवा, नाहीतर तोच कोअर भरवेल.

वेढे गुंडाळायचा कंटाळा आलाय? फेराइट रॉडवरच्या कॉइलजवळ एक दमदार चुंबक हळूहळू न्या. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतल्या लिनिअ‍ॅरिटी कॉइलला असंच छोटं चुंबक लावलेलं असायचं. मीटरवर आकडा सरकताना दिसला की समजा, जमलं! भेटू पुढच्या भागात.