हरणाच्या नाकापर्यंतचा वारा: मोजमाप नेमकं कुठे करायचं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "डेटा मिळतोय, मग तोच वापरला तर काय बिघडलं?" आज या प्रश्नाचं उत्तर जरा वेगळ्या वाटेने बघू. ही वाट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनच्या जंगलातून जाते. तिथे हिवाळ्याच्या तोंडावर परवानाधारक शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मागे असतात, आणि बंदुकीइतकीच त्यांना वाऱ्याची काळजी असते.

आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदी आहे, आणि हा लेख शिकार शिकवायला लिहिलेला नाही. पण "वारा कुठून येतोय?" या साध्या प्रश्नात मोजमापाचे जवळजवळ सगळे सापळे सापडतात. शेवटी ते थेट आपल्या जंगलातल्या कामापर्यंत येतात.

प्रश्न नेमका कोणता?

हरणाचं नाक फार तिखट. माणसाचा वास वाऱ्याबरोबर त्याच्यापर्यंत पोचला की ते फुरफुरतं, शेपटी उभारतं आणि पसार होतं. पुष्कळदा तर आवाजही न करता निघून जातं. म्हणून शिकारी हरणाच्या वाऱ्याखालच्या बाजूला राहायचा प्रयत्न करतो, म्हणजे वारा हरणाकडून त्याच्याकडे यायला हवा.

आता प्रश्न नीट मांडू. "आज वारा कोणत्या दिशेचा आहे?" हा शिकाऱ्याचा खरा प्रश्न नाहीच. त्याचा प्रश्न असा: "माझ्या अंगावरून निघालेली हवा पुढच्या दोनपाच मिनिटांत कुठे जाणार?" दोन्ही वाक्यं सारखी वाटतात, पण दोघांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

अंदाजातला वारा आणि झाडाखालचा वारा

मोबाइलवर "वायव्येचा वारा, ताशी 8 किलोमीटर" असं दिसतं. हा आकडा कुठला असतो? जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर मोजतात आणि साधारण 10 मिनिटांची सरासरी देतात. आसपासचे अडथळेही त्यांच्या उंचीच्या निदान दहापट अंतरावर असावेत असा संकेत आहे. म्हणजे मोजमाप मुद्दामच अशा जागी केलेलं असतं जिथे झाडं, घळी, टेकाडं यांचा परिणाम कमीत कमी होईल. विमानतळासाठी हे उत्तमच. पण हरीण राहतं नेमकं झाडं आणि घळींमध्ये.

जंगलाच्या छताखाली वाऱ्याचा वेग एकदम पडतो आणि दिशा भरकटते. इथे बोफर्टची मोजपट्टी आठवा. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी ती 1805 मध्ये समुद्रासाठी मांडली, जमिनीवरच्या खुणा तिला नंतर जोडल्या गेल्या. तिच्यातली 1 नंबरची पायरी म्हणजे सेकंदाला 0.3 ते 1.5 मीटर वेग. खूण अशी: धूर कुठे जातो त्यावरून दिशा कळते, वातकुक्कुट मात्र हलत नाही. पायरी 2 म्हणजे 1.6 ते 3.3 मीटर. इथे वारा चेहऱ्याला जाणवायला लागतो आणि पानं सळसळतात.

याचा अर्थ लक्षात घ्या. झाडाखालची हवा बऱ्याचदा पायरी 1 वर असते. ती गालाला जाणवत नाही, साधं यंत्र ती पकडत नाही, पण वास वाहून न्यायला ती पुरेशी असते. "मला वारा लागत नाही, म्हणजे वारा नाही" हा निष्कर्ष इथे चुकतो. तुमच्या साधनाला किमान किती बदल कळतो आणि तुम्ही ज्याचा अभ्यास करताय त्याला किती पुरतो, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघायची सवय लावा.

पावडरची बाटली आणि म्हातारी

म्हणून शिकारी खिशात बिनवासाच्या बारीक पावडरची छोटी बाटली ठेवतात. बाटली दाबली की पांढरा ढग उडतो आणि मंद हवेचीही दिशा दिसते. अडचण एकच, पावडर हात दोन हात जाऊन विरते. हवा तुमच्यापाशी कुठे चालली आहे एवढंच ती सांगते.

दुसरी युक्ती जास्त गमतीची आहे. अमेरिकेत मिल्कवीड नावाचं झुडूप असतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. त्याच्या बोंडातून रेशमी तंतूंचं बी निघतं. लहानपणी आपण जिच्यामागे धावायचो ती "म्हातारी", अगदी तशीच! शिकारी एकेक म्हातारी सोडतो आणि नजरेने तिचा पाठलाग करतो. वीस मीटरवर ती डावीकडे वळते, ओढ्याच्या काठाशी खाली उतरते, मोकळ्या पट्ट्यावर अचानक वर उचलली जाते. बसल्या जागी वारा उत्तरेचा असला, तरी पन्नास मीटरवर म्हातारी भलतीकडेच चाललेली असू शकते.

द्रवगतिशास्त्र शिकणाऱ्यांनी इथे थांबावं. एका जागी उभं राहून समोरून जाणारा प्रवाह मोजणं हा ऑयलरचा दृष्टिकोन. प्रवाहातल्या एका कणाबरोबर जाणं हा लाग्रांजचा. पावडर पहिल्या प्रकारात मोडते, म्हातारी दुसऱ्या. वास हवेबरोबर प्रवास करतो, त्यामुळे शिकाऱ्याच्या प्रश्नाला म्हातारीचं उत्तर जास्त जवळचं.

जवळचं म्हटलं, अचूक नाही. म्हातारीला वजन असतं, ती हळूहळू खाली येते. वासाचे रेणू तसे येत नाहीत. शिवाय म्हातारी एकच वाट दाखवते. वास मात्र पसरतो, त्याच्या पट्ट्या फाटतात, मध्ये मोकळी हवा येते. उदबत्ती लावून बघा: सुरुवातीला धुराची सरळ रेघ, मग वेटोळी, मग तुकडे. हरणापर्यंत वास पोचतो तोही असाच तुटक, झोताझोताने. ज्या गोष्टीऐवजी आपण दुसरी गोष्ट मोजतो, तिच्यात आणि मूळ गोष्टीत फरक कुठे पडतो, हे प्रबंधात लिहावंच लागतं. परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

उतारावरची हवा घड्याळ पाळते

डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट होते. सकाळी ऊन पडलं की उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा हलकी होते आणि उताराने वर चढते. संध्याकाळी उतार थंड होतो, हवा जड होते आणि पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. वरचा मोठा वारा मंद असेल तेव्हा हा स्थानिक प्रवाहच राज्य करतो, आणि मोबाइलवरच्या दिशेशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

सगळ्यात अवघड वेळ बदलाची. पूर्वेकडच्या उतारावर ऊन आधी येतं, पश्चिमेकडचा उतार तेव्हा अजून सावलीत असतो. म्हणजे एकाच वेळी एका उतारावर हवा चढतेय आणि समोरच्या उतारावर अजून उतरतेय. पहाटे निवडलेली उत्तम जागा दोन तासांत निकामी होते. जाणते शिकारी म्हणूनच वारा एकदा तपासून स्वस्थ बसत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नमुना घेण्याची वारंवारता बदलाच्या वेगाला साजेशी हवी.

सरासरीचा सापळा

आता थोडं गणित. दोन नोंदी आहेत: 350 अंश आणि 10 अंश. दोन्ही वेळा वारा जवळजवळ थेट उत्तरेकडून येतोय. एक्सेलमध्ये सरासरी काढा. उत्तर येईल 180 अंश, म्हणजे दक्षिण. बरोब्बर उलटं! दिशा वर्तुळावर असतात, 360 नंतर पुन्हा 0 येतो, म्हणून साधी सरासरी चालत नाही. प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन काढायचा, त्यांची वेगवेगळी सरासरी घ्यायची आणि त्यातून कोन परत मिळवायचा. मग उत्तर 0 अंश येतं.

याच पद्धतीत एक फायदा फुकट मिळतो. सरासरी बाणाची लांबी 0 ते 1 च्या मध्ये येते, आणि ती जितकी 1 च्या जवळ तितका वारा स्थिर. वरच्या उदाहरणात ती सुमारे 0.98 आहे. नोंदी 300, 0 आणि 60 अंश असत्या तर सरासरी दिशा पुन्हा उत्तरच आली असती, पण लांबी 0.67. कागदावर दोन्ही दिवस "उत्तरेचा वारा". पण दुसऱ्या दिवशी वास दोन्ही बाजूंना पसरणार, आणि हरणाला तर एकच झोत पुरतो.

वेळेचाही हिशेब करा. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वास 60 मीटर जायला 2 मिनिटं लागतात. या 2 मिनिटांत काय झालं हे 10 मिनिटांच्या सरासरीत दिसत नाही. मॉडेलचा डेटा वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. "पश्चिमेचा वारा" म्हणजे पश्चिमेकडून येणारा, पण मॉडेलमधले घटक हवा जिकडे जाते ती बाजू दाखवतात. रूपांतर करताना एक चिन्ह चुकलं की अख्खं विश्लेषण 180 अंशांनी फिरतं.

जे हरीण दिसलंच नाही

वासच घालवून टाकला तर? बाजारात त्यासाठी कार्बनचे थर असलेले खास कपडे मिळतात. जॉन शिविक यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे कपडे घातलेली माणसं लपवली आणि त्यांना शोधायला प्रशिक्षित कुत्रे सोडले. कुत्र्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी माणूस शोधून काढला. कुत्रा म्हणजे हरीण नव्हे, हे मान्य. तरीही "हे कपडे घातले आणि मला हरणं दिसली" या अनुभवापेक्षा हा पुरावा जास्त भक्कम आहे.

का ते बघा. ज्या हरणाला दीडशे मीटरवरून वास आला आणि जे झाडीतूनच मागे फिरलं, ते शिकाऱ्याच्या हिशेबात कधी येतच नाही. त्याला फक्त आलेली हरणं मोजता येतात. न आलेल्यांची नोंद नाही, त्यामुळे चुकीची पद्धतही वर्षानुवर्षं यशस्वी वाटत राहते. इथे निरीक्षकाच्या अस्तित्वामुळेच माहिती गळते, आणि गळलेली माहिती आवाज करत नाही.

आता आपल्या जंगलात

हेच चित्र आपल्याकडे वेगळ्या रूपात दिसतं. दर 4 वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत चितळ, सांबर अशा भक्ष्य प्राण्यांचा अंदाज घ्यायला आखलेल्या रेषेवरून चालत प्राणी मोजतात. त्याला लाइन ट्रान्सेक्ट म्हणतात. या पद्धतीच्या गणितात एक मुख्य गृहीतक आहे: निरीक्षकामुळे प्राणी हलण्याआधीच तो दिसलेला असला पाहिजे. वारा तुमच्या पाठीमागून पुढे वाहत असेल तर पुढचं सांबर तुम्ही दिसण्याआधीच निघून जाऊ शकतं. मग गणनेचा आकडा खरा असण्यापेक्षा कमी येतो, आणि त्या आकड्यावर व्यवस्थापनाचे निर्णय अवलंबून असतात.

ट्रान्सेक्टची रेषा नमुना-आराखड्याने ठरते, वारा बघून ती बदलता येत नाही आणि बदलूही नये. पण नोंद तर करता येते. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात काम करणार असाल तर फॉर्ममध्ये चार रकाने वाढवा: चालण्याची दिशा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पावडरने पाहिलेली वाऱ्याची दिशा, वारा चेहऱ्याला जाणवतो की नाही, आणि आपण चढावर आहोत की उतारावर. खर्च एका पावडरच्या बाटलीचा. त्याच रेषेवरच्या पाठवाऱ्याच्या आणि समोरवाऱ्याच्या फेऱ्या नंतर वेगळ्या करून बघता येतील. फरक निघाला तर दुरुस्तीचा विचार करता येईल, नाही निघाला तर तेही ठामपणे लिहिता येईल. नोंदच नसेल तर मात्र दोन्ही वाटा बंद.

तुमचा विषय जंगलाचा नसेल तरी संशोधन-प्रस्ताव लिहिताना हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझं मोजमाप जिथे परिणाम घडतो तिथलं आहे, की जिथे यंत्र लावणं सोपं होतं तिथलं? माझ्या सरासरीचा काळ त्या परिणामाच्या काळाशी जुळतो का? आणि माझ्यामुळे कोणती माहिती माझ्यापर्यंत पोचतच नाहीये? तिसऱ्याचं उत्तर एका बैठकीत सापडत नाही. गाइडशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच करा.