खणातला जुना फोन आणि गुरुजींची वही

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक निवृत्त मुख्याध्यापक सुनेला सोबत घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वय ७८. चार वर्षांपासून कंपवाताचे औषध चालू. तक्रार होती झोप न येण्याची आणि अन्नावरची वासना उडाल्याची. मी रक्तदाब पाहिला, गोळ्यांच्या वेळा विचारल्या, झोपेसंबंधी चार सूचना दिल्या आणि पुढच्या रुग्णाला बोलावण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांनी वही बंद केली आहे."

गुरुजी चाळीस वर्षे रोज रात्री वही लिहीत आले होते. एकशिक्षकी शाळेतले दिवस, १९७२ च्या दुष्काळात मुलांना मिळणारी सुकडी, खडी फोडायला गेलेले पालक, असे सारे त्यांत होते. कंपवातात अनेकांचे अक्षर हळूहळू बारीक आणि दाटीवाटीचे होत जाते. गुरुजींना तर स्वतःचेच अक्षर लागेनासे झाले होते. त्यांच्या हाताचा कंप मी दर महिन्याला पाहत होतो. पण त्या हाताने ते काय करीत असत, हे कधी विचारले नव्हते. ही चूक माझी.

"घरात एखादा जुना स्मार्टफोन पडून आहे का?" मी विचारले. होता. मुलाने नवा घेतल्यापासून दोन वर्षे तो खणातच होता. गुरुजी हसले. "लेखणी सुटली, आता हे यंत्र कुठे धरू?" मी म्हटले, "गुरुजी, धरायचे नाही. समोर ठेवायचे आणि वर्गात बोलत होता तसे बोलायचे."

हा प्रयोग कोणत्याही घरात करता येईल. त्यासाठी काही गोष्टी मात्र नीट पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट बॅटरीची. फोनची पाठ फुगलेली दिसत असेल, पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा सपाट टेबलावर फोन डुगडुगत असेल, तर तो चार्जिंगला लावू नये. बॅटरी घरी उघडण्याचा वा दाबून बसवण्याचा प्रयत्न न करता जाणकाराकडून बदलून घ्यावी. जुनी बॅटरी केरात टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावी. चार्जिंग दिवसा, कोणी जागे असताना आणि कठीण पृष्ठभागावर करावे. उशीखाली किंवा गादीवर कधीही नको.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. जुन्या फोनना काही वर्षांनी कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबते. म्हणून त्यातील छायाचित्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत आणि मग फोन 'फॅक्टरी रीसेट' करून कोरा करावा. त्यात सिमकार्ड, बँकेचे ॲप वा पैसे देण्याची कोणतीही सोय ठेवू नये. ज्येष्ठांच्या मनात फोनची जी धास्ती असते ती बहुतेक वेळा फसवणुकीची असते. ज्या फोनवर कोणाचा कॉल येत नाही आणि ज्यात पैसाच नाही, तो त्यांना निर्धास्तपणे हाताळता येतो. काही चुकीचे दाबले जाईल ही भीतीही कमी होते.

तिसरी गोष्ट साधेपणाची. पडद्यावर तीनच चिन्हे ठेवावीत: आवाज ध्वनिमुद्रित करणारा रेकॉर्डर, कॅमेरा आणि टिपणवही. अक्षरे मोठी करावीत, सूचनांचे आवाज बंद करावेत. आजच्या कळफलकांवर माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले की अक्षरे उमटतात. त्यासाठी बहुधा इंटरनेट लागते आणि चुकाही होतात; त्या घरातल्या कोणी नंतर दुरुस्त कराव्यात. नुसत्या ध्वनिमुद्रणाला मात्र इंटरनेट लागत नाही.

आता शरीराविषयी. फोन हातात न धरता स्टँडवर, नसेल तर पुस्तकांच्या आधाराने, डोळ्यांपासून सुमारे हातभर अंतरावर उभा ठेवावा. मान खाली घालून बसू नये. पाठीला आधार असलेली खुर्ची, शेजारी पाण्याचा पेला आणि वीस मिनिटांची मर्यादा पुरेशी आहे. कंपवाताच्या रुग्णाने गोळीचा परिणाम जाणवू लागल्यावर बसावे. त्या वेळी बोलणे सुकर होते. या आजारात आवाजही क्षीण होतो. रोज जाणीवपूर्वक मोठ्याने बोलण्याचा सराव त्या दृष्टीने उपयुक्तच आहे. मात्र अन्न-पाणी गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

गतायुष्याकडे वळून पाहण्याची वृद्धांची ओढ पूर्वी बुद्धी मंदावल्याचे लक्षण मानली जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले, की ही उतारवयातील मनाची स्वाभाविक आणि उपयुक्त प्रक्रिया आहे. आपण ज्याला 'तेच तेच बोलणे' म्हणतो, त्यात माणूस आपल्या आयुष्याची जुळणी करीत असू शकतो. अर्थात सर्वच आठवणी सुखाच्या नसतात. बोलताना वारंवार रडू येणे, त्यानंतर झोप उडणे, जगण्यात रस न वाटणे असे दिसले, तर ध्वनिमुद्रण थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सांभाळ करणाऱ्यांसाठी एक विनंती. "काहीतरी बोला" असे म्हणू नका. नेमका प्रश्न विचारा. "शाळेची घंटा कशाची होती?" या प्रश्नावर गुरुजी अठरा मिनिटे बोलले. मध्येच सन किंवा नाव दुरुस्त करू नका. आणि दर आठवड्याला सारे ध्वनिमुद्रण दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. आमच्या गुरुजींचा फोन दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी सुरू झाला नाही. पहिल्या चौदा गोष्टी त्यातच गेल्या. सूनबाई ओशाळल्या, पण गुरुजी म्हणाले, "पुन्हा तास घेऊ." घरातला आणखी एक जुना फोन काढला गेला. चौदांपैकी अकरा गोष्टी परत सांगून झाल्या. उरलेल्या तीन कोणत्या होत्या, तेच त्यांना आता आठवत नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरची गाणी सोपानदेव आणि त्यांच्या मावसबंधूंनी टिपून ठेवली, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. प्रत्येक घरात बहिणाबाई नसतात हे खरे. पण टिपून घेणारा कोणी असावा, ही गरज प्रत्येक घराची आहे. माझी आई पहाटे दळताना ओव्या म्हणायची. त्यांतली एकही मला आज पूर्ण येत नाही आणि तिचा आवाज कुठेही नोंदलेला नाही. तेव्हा साधन नव्हते. आज ते खणात पडून आहे.

गुरुजींचा कंप थांबलेला नाही. तो या उपायाने थांबणारही नव्हता. औषधाची मात्रा मध्यंतरी वाढवावी लागली. पण ते दोन वेळा जेवतात आणि झोप पुष्कळ सुधारली आहे. मागच्या भेटीत तपासणी झाल्यावर ते उठले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, आज तुमच्यासाठी प्रश्न आणला आहे. तुमच्या आईच्या जात्याचा खुंटा कोणत्या लाकडाचा होता?"

बाहेर रुग्ण खोळंबले होते. तरी मी पाच मिनिटे बोललो. सूनबाईंनी ते ध्वनिमुद्रित केले.