कीर्द, खतावणी आणि एक प्रबंध

‘संगणकात संशोधन करायचे तर कोणता विषय घ्यावा?’ हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांना विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर देताना आपण बहुधा एखाद्या पदवीचे नाव सांगतो आणि थांबतो. आम्ही संशोधन करणारी मंडळीही याला अपवाद नाही. पीएच.डी.साठी अर्ज आला की आमचीही नजर आधी पदवीच्या विषयावर जाते. हे कितपत योग्य आहे, ते एका प्रबंधाच्या उदाहरणावरून पाहू.

हा प्रबंध ऑपरेटिंग सिस्टिमविषयीचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या कामाला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा, स्मृतीत कोणाला जागा द्यायची, फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, हे सारे ती ठरवते. प्रबंधाचे लेखक मेंडेल रोझेनब्लम. त्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातून १९८४ साली पदवी घेतली, ती गणिताची. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत गेले. त्यांचे मार्गदर्शक जॉन औस्टरहाउट यांची पहिली पदवी भौतिकशास्त्राची होती. म्हणजे शिष्य गणिताचा, गुरू भौतिकशास्त्राचा आणि काम संगणकाच्या कारभाऱ्यावर!

त्यांच्यापुढची अडचण समजायला सोपी आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर लिहिण्यापूर्वी तिचे हेड योग्य जागी न्यावे लागते. त्यांनी वापरलेल्या एका डिस्कला यासाठी सरासरी १७.५ मिलिसेकंद लागत. हेड एकदा जागेवर आले की ती डिस्क सेकंदाला जास्तीत जास्त १३ लाख अक्षरे लिहू शके. आता गणित करा. हेड हलण्यात जेवढा वेळ जाई, तेवढ्यात २२ हजारांहून अधिक अक्षरे लिहून झाली असती. तेव्हाच्या युनिक्समध्ये एक छोटी नवी फाइल तयार करताना डिस्कवर किमान पाच वेळा लिहावे लागे आणि दर वेळी आधी हेड हलवावे लागे. डिस्कच्या लिहिण्याच्या क्षमतेपैकी जेमतेम ५ ते १० टक्केच नवी माहिती लिहिण्यासाठी कामी येई.

यावरचा उपाय आपल्या वाण्याच्या दुकानात पूर्वीपासून आहे. दुकानदार दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत लिहितो. प्रत्येक उधारीला खतावणी उघडून त्या गिऱ्हाइकाचे पान शोधत बसत नाही. जुनी पद्धत खतावणीसारखी होती, कारण प्रत्येक फाइलची जागा ठरलेली असे. नव्या पद्धतीत डिस्क ही एक लांबलचक कीर्दच झाली. जे काही बदलले ते आधी स्मृतीत साठवायचे आणि मग एकदम, सलग, शेवटी लिहून टाकायचे. कोणती नोंद कोठे आहे याची सूची जवळ ठेवायची.

मग वाचताना शोधाशोध होणार नाही का? याचे उत्तर अंदाजाने दिलेले नव्हते. औस्टरहाउट आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली युनिक्सवरील फाइलींचा प्रत्यक्ष वापर मोजला होता. पुरेशी स्मृती असेल तर वाचनाच्या बहुतेक मागण्या तेथूनच भागतात, असे त्यातून दिसत होते. स्मृती तर स्वस्त होत चालली होती. म्हणजे यापुढे डिस्कवर मुख्य भार लिहिण्याचाच पडणार होता.

खरी अडचण पुढे आली. कीर्द भरली की काय करायचे? जुन्या पानांवर काही नोंदी खोडलेल्या, तर काही अजून चालू असतात. चालू नोंदी नव्या पानावर उतरवल्या तर जुने पान मोकळे होते. पण कोणते पान आधी साफ करावे? सगळ्यांत रिकामे पान, असे कोणीही म्हणेल. रोझेनब्लम यांनी संगणकावर नक्कल करून हे तपासले. प्रत्यक्षात काही थोड्या फाइली वारंवार बदलतात आणि बाकीच्या तशाच पडून राहतात. या फरकामुळे सफाई सोपी होईल अशी अपेक्षा होती. निघाले उलटेच, खर्च वाढला!

कारण शोधल्यावर कळले ते असे. क्वचित बदलणाऱ्या नोंदींची पाने फार हळू रिकामी होतात. त्यामुळे त्यांची सफाईची पाळी लवकर येत नाही आणि त्यांतली थोडी थोडी मोकळी जागा दीर्घकाळ अडकून पडते. उलट, रोज खाडाखोड होणारे पान आज उतरवून काढण्यात अर्थ नसतो, कारण उद्या त्यातल्या आणखी नोंदी खोडल्या जाणार. म्हणून पान किती रिकामे आहे एवढेच न पाहता, ते किती काळ बदललेले नाही हेही पाहायचे, असा नवा नियम त्यांनी केला. तो लावल्यावर शांत पाने सुमारे ७५ टक्के भरलेली असतानाच साफ होऊ लागली, तर धावपळीची पाने १५ टक्क्यांपर्यंत रिकामी होईतो थांबू लागली.

विद्यार्थ्यांनी मिळून बांधलेल्या ‘स्प्राइट’ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही पद्धत बसवण्यात आली आणि सुमारे तीस जण ती रोजच्या कामाला वापरू लागले. सफाईचा खर्च धरूनही डिस्कच्या क्षमतेपैकी ७० टक्के लिहिण्यासाठी वापरता येते, असे या कामावरच्या १९९१ च्या निबंधात नोंदले आहे. १९९२ साली प्रबंध पूर्ण झाला. आज मोबाइलमधली फ्लॅश स्मृती भरलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहू शकत नाही. म्हणून तेथेही नवे लिखाण मोकळ्या जागी करून जुनी जागा मागाहून साफ करण्याचीच रीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या विद्यार्थ्याची पूर्वतयारी कोणती होती? गणिताची पदवी होतीच. पण आधीच्यांनी काळजीपूर्वक केलेली मोजमापे हाताशी होती, प्रयोग करून पाहायला खरी चालती प्रणाली होती, आणि अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर बाजूला न सारता त्याच्या मागे लागण्याची शिस्त होती. यांतले पदवीच्या नावावरून कळते ते फार थोडे.

हे वर्गातही करून पाहता येते, संगणक नसला तरी चालेल. मुलांचे दोन गट करा. एका गटाने प्रत्येक मुलाच्या नावाचे वेगळे पान ठेवावे, दुसऱ्याने एकच कीर्द. तुम्ही पन्नास नोंदी भराभर सांगा आणि दोघांना लागलेला वेळ मोजा. मग कीर्दीची पाने संपली असे जाहीर करून विचारा, आता कोणते पान साफ करायचे? बहुतेक मुले सर्वांत रिकामे पान दाखवतील. एखादी मुलगी म्हणेल, ‘थांबा, या पानावरचे उद्या अजून खोडले जाईल.’ तिचे नाव टिपून ठेवा. पुढे ती कोणताही विषय घेवो, संशोधनाची तिची तयारी सुरू झालेली आहे.