बामियानमधील स्की पर्यटन

बामियानमधील स्की पर्यटन हा मध्य अफगाणिस्तानातील बामियान प्रांतात सन २०१० नंतर सुरू झालेला उपक्रम होय. युद्धाने पर्यटन नष्ट झालेल्या या दुर्गम प्रदेशात हिवाळ्यातही प्रवासी यावेत आणि त्यातून स्थानिक तरुणांना रोजगार मिळावा, हा त्यामागील हेतू होता. स्कीची साधने देशात तयार होत नसल्यामुळे व ती अतिशय महाग असल्यामुळे, परदेशांतून दान म्हणून आलेल्या वापरलेल्या साधनांवर या उपक्रमाचा मोठा भर राहिला. संघर्षग्रस्त प्रदेशात दानातून पर्यटन उभे करण्याच्या शक्यता आणि मर्यादा या दोहोंचे हे एक बोलके उदाहरण मानले जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

बामियान खोरे काबूलच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. खोऱ्याच्या दक्षिणेस कोह-ए-बाबा ही हिंदुकुशाची पश्चिमेकडील शाखा असून शाह फुलादी हे तिचे सर्वोच्च शिखर आहे. हिवाळा दीर्घ असतो. साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात डोंगरउतारांवर बर्फ टिकून राहते. प्रांतातील बहुसंख्य लोक हजारा समाजाचे असून शेती, विशेषतः बटाटा व गहू, आणि पशुपालन ही त्यांची उपजीविकेची मुख्य साधने आहेत. हिवाळ्यात शेतीची कामे थांबतात आणि अनेक गावांचे रस्ते बंद होतात. त्यामुळे वर्षातील काही महिने उत्पन्नाचे साधनच उरत नाही.

काबूलहून बामियानला जाण्यासाठी दोन प्रमुख मार्ग आहेत. एक घोरबंद खोऱ्यातून शिबर खिंडीमार्गे व दुसरा मैदान वर्दक प्रांतातून हाजीगक खिंडीमार्गे जातो. संघर्षाच्या काळात खुद्द बामियान तुलनेने शांत असले, तरी हे दोन्ही रस्ते धोक्याचे होते. ‘सुरक्षित खोरे, असुरक्षित वाट’ अशी ही स्थिती पर्यटनाच्या वाढीतील सर्वांत मोठी अडचण ठरली.

पर्यटनाचा इतिहास

प्राचीन रेशीम मार्गावरील बामियान हे बौद्ध धर्माचे मोठे केंद्र होते. तेथील कड्यात कोरलेल्या दोन भव्य बुद्धमूर्ती व शेकडो गुहा पाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रवासी येत असत. १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने अफगाण अधिकाऱ्यांच्या सहकार्याने या मूर्तींच्या जतनाचे काम केले होते. १९७९ मधील सोव्हिएत आक्रमणानंतर पर्यटन थांबले. मार्च २००१ मध्ये तालिबानने दोन्ही मूर्ती सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. २००३ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याच्या सांस्कृतिक भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला व त्याच वेळी त्याची नोंद धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत केली.

२००५ मध्ये हबीबा सराबी यांची बामियानच्या राज्यपालपदी नेमणूक झाली. अफगाणिस्तानातील त्या पहिल्या महिला राज्यपाल होत. त्यांच्या कार्यकाळात पर्यटनाला प्रोत्साहन मिळाले आणि २००९ मध्ये बंद-ए-अमीर येथील निळ्या सरोवरांचा परिसर देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. मात्र हे पर्यटन उन्हाळ्यापुरते मर्यादित होते. हिवाळ्याची पोकळी भरून काढण्याचा एक मार्ग म्हणून स्कीइंगचा विचार पुढे आला.

स्कीइंगची सुरुवात

अफगाणिस्तानाला स्कीइंग पूर्णतः नवे नव्हते. १९७९ पूर्वी काबूलच्या परिसरात हा खेळ खेळला जात असे. तथापि युद्धकाळात ती परंपरा खंडित झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस आगाखान प्रतिष्ठानने न्यूझीलंडच्या साहाय्याने बामियानमध्ये पर्यावरणपूरक पर्यटनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याअंतर्गत २०१० मध्ये लॉरी ॲशली व चॅड डिअर या अमेरिकी स्कीपटूंनी कोह-ए-बाबाच्या उतारांची पाहणी करून स्कीमार्गांची मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. स्थानिक तरुणांना स्की शिकवणे, वाटाड्याचे प्रशिक्षण देणे आणि साधने भाड्याने देण्याची व्यवस्था उभारणे ही कामेही सुरू झाली.

२०११ मध्ये क्रिस्टोफ झुर्खर या स्विस पत्रकाराच्या पुढाकाराने ‘अफगाण स्की चॅलेंज’ ही शर्यत सुरू झाली आणि बामियान स्की क्लबची स्थापना झाली. येथे दोरमार्ग किंवा अन्य यांत्रिक सोय नसल्यामुळे स्पर्धकांना आधी डोंगर चढून जावा लागे आणि मग घसरत खाली यावे लागे. शस्त्रे बाळगण्यास मनाई, हा या शर्यतीचा नियम विशेष गाजला. उंचीची व चढणीची सवय असल्यामुळे स्थानिक मुले चढावर परदेशी पाहुण्यांना सहज मागे टाकत. पुढे मुलींसाठीही स्वतंत्र शर्यत घेतली जाऊ लागली.

साधने

यांत्रिक सोय नसलेल्या डोंगरावर जे स्कीइंग केले जाते, त्याला पुढील साधने लागतात.

स्की व बाइंडिंग : स्की म्हणजे पायाखालच्या लांब, लवचीक पट्ट्या. त्यांच्या कडा पोलादी असतात. बूट स्कीला जोडणाऱ्या यांत्रिक पकडीला बाइंडिंग म्हणतात. चढताना टाच मोकळी राहील व उतरताना घट्ट बसेल अशी बाइंडिंग येथे आवश्यक असते. तोल जाऊन पाय पिरगळला, तर ठरावीक बलानंतर पकड सुटणे अपेक्षित असते. ती वेळेवर सुटली नाही, तर गुडघ्याला किंवा नडगीच्या हाडाला गंभीर इजा होऊ शकते.

स्किन : स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. केसांचा कल मागच्या बाजूला असल्यामुळे स्की पुढे सरकते, मात्र मागे घसरत नाही. पूर्वी त्यासाठी सीलचे कातडे वापरत. आता नायलॉन किंवा अंगोरा बकरीची लोकर वापरली जाते.

बूट : टणक प्लॅस्टिकचे कवच व आतील मऊ अस्तर मिळून हा बूट तयार होतो. त्याचे माप पावलाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये मोजतात.

हिमस्खलन सुरक्षा साधने : बर्फाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा माग काढणारे संदेशयंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची जोडसळई आणि फावडे. ही तिन्ही साधने गटातील प्रत्येकाजवळ असावी लागतात. गाडल्या गेलेल्या व्यक्तीची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत थांबणे व्यर्थ असते; सोबत्यांनीच शोध घ्यावा लागतो.

दान आलेली साधने पुरेशी नसल्यामुळे खोऱ्यातील अनेक मुलांनी लाकडी फळ्या तासून, त्यांचे टोक वाकवून व खाली प्लॅस्टिक अथवा पत्र्याची पट्टी ठोकून स्वतःच स्की तयार केल्या. घरगुती स्कीवरील मुलांच्या वेगळ्या शर्यतीही झाल्या. बाहेरून आलेल्या साधनाची वाट न पाहता हा खेळ गावागावांत पोहोचला, तो मुख्यतः या फळ्यांमुळे.

दानातील साधनांचे लाभ व मर्यादा

युरोप व अमेरिकेतील स्कीपटू काही हंगामांनंतर साधने बदलतात आणि जुनी साधने घरात पडून राहतात. हीच साधने संघर्षग्रस्त प्रदेशात पोहोचली तर दात्याला फारसा खर्च न येता नवा व्यवसाय उभा राहू शकतो, असा या दानामागील विचार असतो. एका संपूर्ण नव्या संचाची किंमत बामियानमधील शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे या विचारात तथ्य आहे. भाड्याने देण्यासाठी पंधरा-वीस संच हाताशी असल्याखेरीज वाटाड्याला गिऱ्हाईक घेता येत नाही, आणि गिऱ्हाईक नसताना संच विकत घेण्याइतका पैसा जमत नाही. ही कोंडी दानामुळे फुटते.

तथापि वापरलेले प्रत्येक साधन दानयोग्य असतेच असे नाही. बुटाचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षांत ठिसूळ होते व ऐन डोंगरावर त्याला तडा जाऊ शकतो. बाइंडिंग प्रत्येक बुटाच्या तळाच्या लांबीनुसार जुळवावी लागते. बूट व बाइंडिंग भिन्न पद्धतींची असल्यास ती एकमेकांत बसतच नाहीत. स्की आल्या पण मापाचे बूट आले नाहीत, तर तो संच निरुपयोगी ठरतो. दात्यांचे बूट बहुधा प्रौढ पुरुषांच्या मापाचे असतात. मुलांना व मुलींना लागणारी लहान मापे त्यात दुर्मिळ असतात. जुन्या पिढीतील संदेशयंत्रे चालू असली, तरी शोधकार्यात ती नव्या यंत्रांपेक्षा मंद ठरतात. जीव ज्या यंत्रावर अवलंबून असतो ते ‘चालण्यासारखे’ असून भागत नाही.

साधनाबरोबर दुरुस्तीचे ज्ञान गेले नाही, तर दानाचा उपयोग अल्पकाळ टिकतो. कडा घासणे, तळाला मेण लावणे, बाइंडिंगचे स्क्रू पुन्हा बसवणे, स्किनचा चिकटा नव्याने लावणे ही कामे शिकलेला एक स्थानिक कारागीर हा अनेक नव्या संचांइतका मोलाचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिमस्खलनाचे शिक्षण. अफगाणिस्तानात हिमस्खलनाने वारंवार मोठी जीवितहानी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये सालंग खिंडीत व फेब्रुवारी २०१५ मध्ये पंजशीर खोऱ्यात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तीव्र उतारावर नेणारे साधन देऊन उतार ओळखण्याचे शिक्षण न देणे म्हणजे घेणाऱ्याला नव्या संकटात लोटणे होय.

मुलींचा सहभाग व ऑलिंपिकचा प्रयत्न

स्कीइंगमुळे बामियानमधील काही मुलींना प्रथमच खुल्या मैदानात खेळण्याची संधी मिळाली. समाजातील काहींचा विरोध असतानाही कुटुंबीयांच्या पाठिंब्याने त्या शर्यतींत उतरल्या. बामियानचे अलीशाह फरहंग व सज्जाद हुसैनी या दोघा तरुणांनी स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे प्रशिक्षण घेऊन २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकसाठी प्रयत्न केला. पात्रतेचे निकष त्यांना पूर्ण करता आले नाहीत. तथापि अफगाणिस्तानाचा हिवाळी ऑलिंपिकमधील पहिला प्रवेश त्यांच्यामुळे शक्यतेच्या कक्षेत आला होता.

२०२१ नंतरची स्थिती

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता काबीज केली. मुलींच्या माध्यमिक शिक्षणाबरोबरच त्यांच्या खेळांवरही निर्बंध आले व या उपक्रमाशी निगडित अनेक जण देश सोडून गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये बंद-ए-अमीर राष्ट्रीय उद्यानात स्त्रियांच्या प्रवेशास मनाई करण्यात आली. युद्ध थांबल्यामुळे रस्ते पूर्वीपेक्षा खुले झाले व परदेशी प्रवासी पुन्हा येऊ लागले. मात्र १७ मे २०२४ रोजी बामियानच्या बाजारात बंदूकधाऱ्यांनी केलेल्या गोळीबारात तीन स्पॅनिश पर्यटक व त्यांच्यासोबतचे अफगाण नागरिक ठार झाले. ‘इस्लामिक स्टेट’ने या हल्ल्याची जबाबदारी स्वीकारली.

काश्मीरमधील गुलमर्गशी तुलना

संघर्षग्रस्त प्रदेशातील स्की पर्यटनाचे भारतातील उदाहरण म्हणजे गुलमर्ग. येथे ब्रिटिश काळापासून, १९२७ मधील स्की क्लबच्या स्थापनेपासून, या खेळाची परंपरा आहे. १९८९ नंतरच्या दहशतवादामुळे पर्यटन कोलमडले. तथापि १९९८ मध्ये व पुढे २००५ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झालेल्या गोंडोला दोरमार्गाने त्याला नवी उभारी दिली. २०२० मध्ये येथे पहिल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा झाल्या. बामियान व गुलमर्ग यांतील मुख्य फरक भांडवलाचा आहे. गुलमर्गमध्ये शासनाने दोरमार्ग, प्रशिक्षण संस्था व रस्ते उभारले. बामियानमध्ये हा भार सेवाभावी संस्था, स्वयंसेवक व दाते यांच्यावर राहिला.

पर्यटनाची नाजूक प्रकृती मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ झालेल्या हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. त्यानंतर काश्मीरमधील आरक्षणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि त्याची झळ हॉटेलचालक, घोडेवाले व वाटाडे यांना बसली.

मूल्यमापन

पर्यटक येऊ लागले की शांतता नांदू लागते, असे गृहीत धरले जाते. बामियानचा अनुभव पाहता हा कार्यकारणभाव उलट दिशेने अधिक खरा दिसतो. शांतता असेल तर पर्यटन वाढते; पर्यटन स्वतः शांतता टिकवू शकत नाही. त्यामुळे दान आलेल्या स्कींनी प्रांताची अर्थव्यवस्था बदलली, असे म्हणता येत नाही. परदेशी प्रवाशांची संख्या मर्यादितच राहिली.

तरीही हा उपक्रम निष्फळ ठरला असे म्हणणे योग्य नाही. काही तरुण वाटाडे व प्रशिक्षक झाले, हिवाळ्यात घरात अडकून पडणाऱ्या मुलांना खेळ मिळाला आणि भग्न मूर्तींमुळे ओळखल्या जाणाऱ्या खोऱ्याची वेगळी ओळख जगापुढे आली. संच पूर्ण व सुरक्षित असणे, दुरुस्तीचे व हिमस्खलनाचे शिक्षण सोबत देणे, साधनांची मालकी स्थानिक क्लबकडे असणे आणि बाहेरील प्रवासी आले नाहीत तरी गावातील मुलांना ती वापरता येणे, या चार गोष्टी अशा दानाची खरी उपयुक्तता ठरवतात, असे बामियानच्या अनुभवावरून दिसते.

हेही पाहा

बामियानच्या बुद्धमूर्ती
बंद-ए-अमीर
हजारा
गुलमर्ग
हिमस्खलन