दीड किलो गॅसचं वजन

नॉर्वेतला जानेवारी. बाहेर उणे 10 अंश, आणि भिंतीबाहेरचा हीट पंप त्याच हवेतून ऊब ओढून घरात सोडतोय. इतक्या गार हवेत कसली आलीय ऊब? पण पंपाच्या नळ्यांत फिरणारं प्रोपेन साध्या दाबाखाली उणे 42 अंशांनाच उकळतं; त्याच्या लेखी उणे 10 म्हणजे तापलेला तवा. बाहेरच्या नळीत त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबून तापवतो आणि घराच्या बाजूला पुन्हा द्रव होताना ती सगळी उष्णता सोडून देते. एक युनिट विजेत जवळपास तीन युनिट उष्णता! आपला एसीच, उलटा चालवलेला.

बरीच वर्षं या नळ्यांत आर-410ए नावाचा गॅस भरत. तो पेटत नाही, पण हवेत सुटलेला एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक. एका पंपात दीड किलो धरा : तीन टनांहून जास्त. आता पंधरा वर्षांत पंपाने 45,000 युनिट वीज खाल्ली असं समजू. नॉर्वेची वीज बहुतांश धरणांची. युनिटमागे 20 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर भरतात जेमतेम 900 किलो. म्हणजे पंधरा वर्षांच्या विजेपेक्षा ते दीड किलो तिपटीने भारी! हाच हिशेब आपल्या कोळशाच्या विजेवर, युनिटमागे 700 ग्रॅमने मांडला, तर वीज 31 टनांवर जाते आणि गॅस तिच्या दहाव्या हिश्शावर येतो. वीज जितकी स्वच्छ, तितका गॅस डोळ्यांवर येतो.

अर्थात, गॅस सुटला तरच. नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटापाशी तेलकट डाग दिसला की मेकॅनिक काय ते समजतो. खरी उधळण मात्र जुना पंप मोडीत काढताना, तांब्याची नळी कापली की होते. म्हणून नॉर्वेत अशा गॅसवर कर आहे, आणि वापरलेला गॅस नष्ट करायला परत दिला की पैसे मिळतात. मला ही युक्ती फार आवडते.

आर-410एच्या 2,088 च्या जागी प्रोपेनचा आकडा तीनच्या आसपास, पण ते पेटतं. म्हणून अनेक पंपांत गॅसचं अख्खं चक्र अंगणातच ठेवतात. घरात येतं ते फक्त गरम पाणी. जपानने तर 2001 मध्ये ‘इकोक्यूट’ या वॉटर हीटरमध्ये चक्क कार्बन डायऑक्साइडच भरला! नळाचं गार पाणी तो एका दमात कडकडीत करतो. रेडिएटरमधून कोमट होऊन परतणारं पाणी तापवायला लावलं, की मात्र वीज जास्त खातो. नॉर्वेत ते खपून जाईल. कोळशाच्या विजेवर नाही.