वाडा उतरवण्यापूर्वी : रुंद कोनाचे भिंग निवडताना

सांगली-कोल्हापूरकडील आपल्या अनेक कुटुंबांत सध्या एकच विषय चालू असतो : जुना वाडा उतरवून तेथे सदनिका बांधायच्या. वाटण्या झालेल्या असतात, तुळया वाळवीने पोखरलेल्या असतात, तेव्हा त्या निर्णयाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु वाडा उतरला की सोपा, माजघर, देवघर कसे होते हे नातवंडांना दाखवण्यास छायाचित्रांवाचून काही उरत नाही. आणि घरोघरच्या अल्बमांत लग्नातली माणसे असतात, घर क्वचितच असते. म्हणून घरातला एखादा हौशी तरुण आपला फुल फ्रेम कॅमेरा काढतो आणि आतल्या खोल्यांसाठी वाइड अँगल प्राइम लेन्स कोणती घ्यावी, याची चौकशी सुरू करतो. वाड्याचा ताबा द्यायची तारीख ठरलेली असेल, तर ही निवड चुकवून भागत नाही. दुसरी संधी नसते.

चौकशीपूर्वी त्याने मोजपट्टी घेऊन माजघरात जावे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच असतो. समोरची भिंत जितक्या फुटांवर असेल, त्या अंतराला ३६ ने गुणावे आणि भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. चौकटीत किती फूट रुंदी मावेल ते कळते. भिंत १० फुटांवर असेल, तर ३५ मि.मी.च्या भिंगात सुमारे सव्वादहा फूट, २८ मध्ये जवळजवळ १३, २४ मध्ये १५ आणि २० मध्ये १८ फूट मावतात. ३६ ऐवजी २४ ने गुणले की उंची मिळते. त्याच अंतरावर ३५ मि.मी. भिंग सातच फूट उंची दाखवते, म्हणजे जमीन किंवा तुळया यांपैकी एकावर पाणी सोडावे लागते. २८ मध्ये साडेआठ फूट येतात, २४ मध्ये पूर्ण १० आणि २० मध्ये १२. बहुतेक माजघरांचा निकाल एवढ्या हिशेबातच लागतो.

मग सरळ १४ किंवा १६ मि.मी. का घेऊ नये? कारण रुंद कोनाचे भिंग सरळ रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत चौकटीच्या कडेला वसूल करते. गोल वस्तू कडेकडे सरकली की ताणली जाते. २४ मि.मी.च्या भिंगात डाव्या-उजव्या कडेला हा ताण सुमारे २५ टक्के असतो, २० मध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास, ३५ मध्ये १२. खांब किंवा कोनाडा एवढा ताण पचवतो. माणसाचा चेहरा पचवत नाही. सोप्यावर चार पिढ्या रांगेत बसवल्या आणि मानाने आजोबांना एका टोकाला खुर्ची दिली, तर २० मि.मी.च्या भिंगात त्यांचे डोके भोपळ्यासारखे आडवे होते. त्या छायाचित्रासाठी मंडळी अंगणात आणावी, आपण मागे सरावे आणि ३५ किंवा ५० मि.मी. वापरावे. आतच काढायचे असेल, तर वडीलधाऱ्यांना मध्यभागी बसवावे आणि कडेला खांब येऊ द्यावेत.

दुसरी अडचण उभ्या रेषांची. तुळया दिसाव्यात म्हणून कॅमेरा वर कलवला की खांब आत झुकतात आणि उभा वाडा पडायला आल्यासारखा दिसतो. (तो पडायलाच आला असेल, तरी चित्रात तसे नको.) कॅमेरा काटेकोर सपाट ठेवावा आणि नको असलेली जमीन नंतर कापून टाकावी. असे कापायला जागा लागते, आणि याच कारणासाठी मी घराच्या आतील कामाला २४ पेक्षा २० मि.मी.ला झुकते माप देतो.

एफ/१.४ की एफ/१.८ की एफ/२.८, यावर दुकानात फार वेळ जातो. रिकाम्या खोलीसाठी हा वाद निरर्थक आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, छिद्र एफ/८ वर असते, शटर दोन सेकंद उघडे राहिले तरी भिंत हलत नाही. २४ मि.मी.चे भिंग एफ/८ वर सुमारे २.४ मीटरवर रोखले, तर सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. अंधाऱ्या माजघरात खरी पंचाईत खिडकीची होते. ती पांढरीफटक पडते. तेव्हा कमी, मध्यम व जास्त प्रकाशाची तीन छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडावीत. मोठे छिद्र लागते ते माणसांसाठी. देवघरात समईच्या उजेडात आजी वाती करीत बसली आहे, आणि हातात एफ/४ चा झूम आहे, एफ/१.८ चे भिंग त्याच्या जवळजवळ पाचपट प्रकाश आत घेते. १/१२ सेकंदाऐवजी १/६० मिळतो, आजीची बोटे पुसट होत नाहीत, आणि फ्लॅश मारून तो उजेड मारून टाकावा लागत नाही. एफ/१.४ साठी आणखी वजन आणि पैसे घालण्यासारखे मला यात काही दिसत नाही.

ज्यांच्याकडे आधीच २४ मि.मी.पासून सुरू होणारा झूम आहे आणि ज्यांना केवळ खोल्या टिपायच्या आहेत, त्यांनी २४ चे प्राइम घेऊ नये. तेच काम झूम एफ/८ वर करतो. त्यांनी २० मि.मी. एफ/१.८ पाहावे. सोनीचे २०२० साली आलेले या मापाचे भिंग ३७३ ग्रॅमचे आहे, निकॉनच्या झेड मालिकेतील ५०५ ग्रॅमचे. झूम नसेल आणि एकाच भिंगावर सारे भागवायचे असेल, तर २४ बरे; कॅननचे आर.एफ. २४ मि.मी. एफ/१.८ अवघे २७० ग्रॅमचे असून कंप-नियंत्रणासह येते. कॅननचेच १६ मि.मी. एफ/२.८ भिंग १६५ ग्रॅमचे व स्वस्त आहे, पण त्याच्या वाकलेल्या रेषा सरळ करण्याचे काम कॅमेऱ्यातील किंवा संगणकावरील प्रणालीवर सोपवलेले असते. एवढ्या रुंदीत दहा फुटांचे माजघर दिवाणखान्यासारखे भासू लागते. घर विकण्याच्या जाहिरातीला ते चालेल. आठवणीतल्या मापाशी ते जुळणार नाही.

भिंगे अशी हलकी होण्यामागे थोडा इतिहास आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलण्यास जागा सोडावी लागे. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ती ४६.५ मि.मी. होती. तेवढ्या लांबून २४ मि.मी.चे भिंग साध्या रचनेत काम करूच शकत नाही. फ्रान्सच्या पिएर अँजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मि.मी.चे रेट्रोफोकस भिंग आणून त्यावर तोड काढली, पण तशी रचना जड आणि गुंतागुंतीची होते. आरसा गेला आणि झेड माउंटमध्ये ते अंतर १६ मि.मी.वर आले, तेव्हा रचनाकारांचे हात मोकळे झाले. जुन्या कॅमेऱ्याची भिंगे त्याच कंपनीच्या अडॅप्टरने नव्यावर चालतात, म्हणून वापरलेले भिंग घेण्यात कमीपणा मानू नये.

मात्र वापरलेले घेताना एक परीक्षा चुकवू नये. मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकून भिंग तिरके धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी आणि भिंग परत करावे. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या भिंगांना ती हमखास धरते. नंतर रात्री एखाद्या दिव्याच्या माळेचे छायाचित्र छिद्र पूर्ण उघडून काढावे. कोपऱ्यातले दिवे पाखराच्या पंखांसारखे पसरलेले दिसले, तर एफ/२.८ पर्यंत छिद्र लहान करून पुन्हा पाहावे. आणि दुकानातून परतताना थेट वाड्यावर जावे, दुपारी चारच्या सुमारास, माजघरात तिरके ऊन येते तेव्हा.