वेल्डरचा दर कशावर ठरतो

आयटीआयमधला वेल्डर ट्रेड आठवी उत्तीर्णांनाही खुला आहे आणि एका वर्षात पुरा होतो; म्हणून पालक त्याला शेवटचा पर्याय मानतात. हे चूक आहे. प्रमाणपत्रानंतर दर ठरतो तो पोझिशनवर, म्हणजे कुठल्या स्थितीतला जोड भरता येतो यावर. ६जी चाचणीत पाइप ४५ अंशांत पक्का बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरत खालून, बाजूने, वरून जोड भरायचा. मग जोडाच्या एक्स-रेत आत अडकलेला स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा मळ, तोही दिसतो. रोबो आल्यावर माणूस कशाला, असं विचारलं जातं. मोटारीच्या कारखान्यातले एकसारखे जोड रोबो भरतो, हे खरंच. पण जहाजाच्या अडचणीच्या कप्प्यातली दुरुस्ती अजून हातानंच होते. तेव्हा मुलांनी अप्रेंटिसशिप करून टिग आणि पाइप वेल्डिंग जरूर शिकावं. मात्र वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा धूर बाहेर खेचण्याची सोय आहे का, हे आधी पाहावं.